बिनतेलाचे दिवस

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. म्हणाला, "माय येत असंल तं यंदा कोसा घेतो, नाही तं झाडं सोडून देतो. बाबाचे गुडघे गेले. मी एकटा काय काय पाहू? तू सांगून पाह्य तिले."

फोन ठेवून मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. माय येणार नाही हे त्याला माहीत होतं आणि मलाही. कोशाच्या झाडांखाली जाणं तिनं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. तिला कोणी अडवलं नव्हतं. एका साली आमचे किडे सडले, सडण्याचं कारण म्हणून तिच्या डोक्यावरच्या तेलाचं नाव निघालं, आणि ती घरी बसली.

कोसा म्हणजे रानातलं रेशीम. साकोलीपासून आत, नागझिऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. एरवी आमचे लोक तळ्यातल्या मासोळीवर आणि धानाच्या मजुरीवर जगणारे. पण पोळ्याच्या सुमारास सरकारी केंद्रातून किड्यांची अंडी यायची आणि घराचं रूपच पालटायचं. पानांचे द्रोण करून त्यांत अंडी ठेवायची, ते द्रोण येनाच्या फांद्यांना बांधायचे. पुस्तकात त्या झाडाला ऐन म्हणतात, आम्ही येन म्हणतो. अंड्यांतून काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे किडे निघायचे आणि पाहता पाहता बोटाएवढे हिरवेगार व्हायचे. ते खातात तेव्हा खालच्या वाळक्या पाचोळ्यावर त्यांच्या लेंड्या पडतात, टप टप. बाबा डोळे मिटून तो आवाज ऐकायचे आणि सांगायचे, "खाऊन राहिले बरोबर." आवाज विरळ झाला की उठून बसायचे.

अंडी बांधली त्या दिवसापासून घरात तेल बंद. डोक्याला नाही, अंगाला नाही, फोडणीला नाही. साबण नाही. मासोळी तर नावालाही नाही, आणि तळं दारापुढं! वरण नुसतं मीठ-मिरची घालून शिजायचं. झाडांखाली शिरायच्या आधी नाल्यात पाय धुवायचे. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणाला ठाऊक नव्हतं. किड्याला चालत नाही, एवढंच आम्हाला माहीत. माझ्या केसांच्या त्या दिवसांत पार झिंज्या व्हायच्या. शाळेत पोरी विचारायच्या, "काहून व, डोक्यावर धानाची तनीस घेऊन आली का?" मी म्हणायचे, "आमच्या घरी कोसा बसला." त्यात एक ऐट होती. दुसऱ्यांच्या घरी गणपती बसायचे, आमच्याकडं कोसा.

या सगळ्यात मायचं काम सर्वांत अवघड. एका झाडाचा पाला संपला की किडे दुसऱ्या झाडावर न्यायचे असतात. किड्याला हाताने ओढलं तर तो फांदीला असा चिकटून बसतो की त्याचे पाय तुटतात. म्हणून फांदीचा तुकडाच कापायचा, टोपलीत ठेवायचा आणि नव्या झाडाच्या बेचक्यात अडकवायचा, तेही किड्याला धक्का न लावता. बाबांच्या हातून चार पडायचे. मायच्या हातून नाही. ती त्यांच्याशी बोलत बोलत करायची. मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, तिला चिडवायची, "पोराइशी नाही बोलत येवढी, किड्याइशी बोलते." माय म्हणायची, "ते उलटून बोलत नाहीत ना, बाई."

सडण्याचं साल मला चांगलं आठवतं. पावसाची झड लागली होती, उघडायचं नाव नव्हतं. माय रोज भिजायची. एक दिवस ती तापली आणि डोकं इतकं दुखायला लागलं की तिनं घरी येऊन मोहाच्या बियांचं तेल टाळूवर दाबलं. सकाळी ती निजून राहिली असती तर बरं झालं असतं. पण पाला संपत आला होता, किडे हलवायचे होते. डोक्याला फडकं बांधून ती रानात गेली. काम करता करता फडकं सुटलं.

"काहून व, तेल लावून आली?" मोठी माय म्हणाली.

"डोकं दुखत होतं, बाई."

"डोकं तं मायं बी दुखते."

तेवढंच बोलणं झालं. पण दोन-चार दिवसांत किडे मागच्या पायांवर फांदीला उलटे लटकायला लागले. अंग मऊ पडायचं, कातडी फुटायची, आतून काळं पाणी गळायचं. वास तर असा की जेवण जाईना. पाचोळ्यावरची टप टप थांबली. मग मोठ्या मायला बोलायला रान मोकळं झालं. शेजारी आले, पाहिलं, आणि "तेल लागलं" असं एकमेकांना सांगत गेले. माय तरी बोलणार काय? तेल तर लावलंच होतं. बाबाही "नाही" म्हणाले नाहीत, हे मला वाटतं तिला जास्त लागलं.

पुढच्या साली अंडी आली तेव्हा द्रोण बांधायला माय उठलीच नाही. "पोट्टीले घेऊन जा," म्हणाली. फांद्या कापायला हात तर हवेच होते. मी नववीत होते, शाळा सुटली ती तशी. मला त्याचं फार दुःख झालं असं नाही. खरं सांगायचं तर रानात मला आवडायचं. पण संध्याकाळी घरी आले की माय एकच विचारायची, "खातात का बरोबर?" आणि मी हो म्हटलं की परत चुलीकडं तोंड करायची.

नंतर लग्न झालं. नवऱ्याला पुण्यात गाडी चालवायचं काम होतं, म्हणून पुण्याला आले. पहिली कित्येक वर्षं दोन-चार घरची धुणीभांडी केली. मग ओळखीनं एका मोठ्या संशोधन संस्थेत काचेची भांडी धुवायचं काम मिळालं. कंत्राटी, पण डोक्यावर पंखा आणि दर महिन्याला पगार. मी त्या दारातून आत जाताना अजून मनातल्या मनात हात जोडते आणि लगेच मला भीती वाटते. काही फुटलं तर? कोणी म्हणालं, उद्यापासून येऊ नका, तर? स्वभावच तसा. चांगलं काही मिळालं की ते आपल्या हातून सांडेल असंच वाटत राहतं.

पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. तरुण आहेत, डॉक्टरकीचं नाही पण त्यासारखंच काही मोठं शिक्षण चाललंय. म्हणाल्या, "ताई, एकच नियम. हाताला क्रीम नको, डोक्याला तेल लावून यायचं नाही, आणि भांड्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. आमचं काम तेलाच्या एका थराचं आहे. तुमच्या बोटाचं तेलही त्याला पुरतं बिघडायला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून, मॅडम? तुमच्या घरी बी कोसा बसला का?"

त्यांना काही कळेना. मग सांगावं लागलं. पूर्ण ऐकून त्या खुर्चीतच बसल्या. "अहो, मी ज्याच्यावर काम करते ते रेशमाच्या किड्याच्या रक्तातलंच आहे," म्हणाल्या. "म्हणजे त्याच्यासारखं, बनवून आणलेलं. या, दाखवते."

एक पांढरं लांबट तबक. त्यात काठोकाठ पाणी. त्यावर त्यांनी सुईतून थेंब थेंब काहीतरी सोडलं. दिसत काहीच नव्हतं. म्हणाल्या, आता या पाण्यावर मेदाचा थर पसरलाय, साय धरते तसा, पण इतका पातळ की त्याहून पातळ होऊच शकत नाही. प्रत्येक जिवाच्या, अगदी जंतूच्याही पेशीभोवती अशी साय असते, तिचे दोन पदर असतात. आत काय जायचं, बाहेर काय यायचं, ते ती साय ठरवते. मग त्यांनी तबकाच्या एका कोपऱ्यातून पाण्याच्या पोटात दुसरी सुई घातली. "हे पेप्टाइड. छोट्या मण्यांची माळ समजा. पाण्यात असतं तोवर सैल, कसंही पडलेलं. सायीपाशी आलं की स्वतःला पीळ घालतं. त्या पिळाच्या एका अंगाला पाणी आवडतं, दुसऱ्या अंगाला तेल. म्हणून ते ना वर जातं ना खाली. सायीतच आडवं पडतं."

"आमच्या बोडीतल्या म्हशीवानी," मी म्हटलं. "अर्धी पाण्यात, अर्धी वर."

मॅडम हसल्या. "आणि म्हशी खूप झाल्या तर?"

"बोडीची पाळ फुटते, मॅडम."

"तसंच. एकट्या-दुकट्यानं काही होत नाही. पुष्कळ जमले की जंतूची साय फाटते आणि जंतू मरतो. किड्याच्या रक्तात जंतू शिरला की किडा हे बनवतो. त्याचं औषध त्याच्याच अंगात."

शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर एक रेघ हळूहळू चढत होती. जागा नसलेल्या सायीत पेप्टाइड घुसतंय, दाटी वाढतेय, म्हणून रेघ चढते, त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "मंग किड्याची आपली साय नाही फाटत?" त्या म्हणाल्या, जंतूच्या सायीवर विजेचा भार वेगळा असतो, तो या माळेला ओढून घेतो. किड्याच्या स्वतःच्या सायीकडं तशी ओढ नसते. मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या त्या हिरव्या किड्याच्या अंगात असं काही असेल हे ऐकून मी त्या दिवशी बसमध्ये एकटीच हसत घरी आले. तेव्हापासून मॅडम काही चाललं असलं की मला बोलवायच्या. माझं काम भांडी धुण्याचंच, पण मी पुसत पुसत ती रेघ पाहायची.

भावाचा फोन आला त्याच्या पुढच्या आठवड्यात ती रेघ बिघडली. मॅडमनी पेप्टाइड घालायच्या आधीच ती चढायला लागली. पुन्हा तबक धुतलं, पुन्हा तेच. एक तर माय ऐकत नव्हती, मी फोन केला की "तिथं जेवली का?" विचारून विषय बदलत होती. आणि इथं हे. मॅडमचे मोठे सर आले, रेघ पाहिली आणि जाता जाता म्हणाले, "कुठून तरी तेल लागतंय. भांडी धुणाऱ्यांना विचारा."

मला वाटलं, झालं. आता आपलं नाव निघालं. मी तर घरीसुद्धा हाताला तेल लावणं सोडलं होतं. पोळ्या लाटल्या की हात राखेनं घासत होते. पण "लावलं नाही" हे दाखवायचं कसं? लावलेलं दिसतं, न लावलेलं कसं दिसणार?

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. बाही वर केली आणि म्हणाल्या, "आधी पाण्याला विचारू."

तबकात नुसतं पाणी घेतलं. ना मेद, ना काही. तबकावरचा आडवा पट्टा सरकवून पाण्याचा वरचा भाग आवळत आणला. रेघ आडवी, गप्प. "पाणी बरं आहे. तबक बरं आहे. म्हणजे धुणं बरं आहे, ताई." मग मेद ज्यात विरघळवतात ते क्लोरोफॉर्म, मोठ्या जुन्या बाटलीतून एक थेंब. उडून जाऊ दिलं. रेघ गप्प. मग तेच, पण नव्या लहान बाटल्यांमध्ये भरून ठेवलेलं. रेघ चढली. मॅडमनी बाटलीचं झाकण उघडून आतली चकती नखानं दाबली, ती चिकट झाली होती. नव्या झाकणांतली ती रबराची चकती क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत होती आणि तिचाच काहीतरी तेलकट अंश पाण्यावर येत होता. "सापडलं!" त्या म्हणाल्या आणि टाळी वाजवली.

मी स्टुलावर बसले आणि मला रडूच आलं.

"अहो, तुम्ही का रडताय? तुमचं काहीच नव्हतं."

"तेच ना, मॅडम," मी म्हटलं. आणि मायचं सगळं सांगितलं. झड, ताप, तेल, मोठी माय, सगळं. शेवटी विचारलं, "तुमच्या पाण्याले येवढं तेल चालत नाही. मंग मायच्या तेलानंच मेले असतील का ते?"

मॅडम लगेच "नाही" म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. म्हणाल्या, "मी कोशाच्या किड्यांची तज्ज्ञ नाही. तुम्ही सांगता ते लटकणं, गळणं, ते रोगाचं वाटतं. सतत पावसात असा रोग पसरतो. अंड्यातून येतो, पाल्यातून येतो. तुमच्या किड्याचं पेप्टाइड काही जंतूंची साय फाडेल, पण प्रत्येक रोगापुढं ते पुरेल असं नाही. डोक्यावरचं तेल झाडावरच्या किड्यापर्यंत कसं जाणार, मला कळत नाही. पण मला एक सांगा. त्या साली दुसऱ्या कोणाचे किडे मेले होते का? जिथं तुमची आई गेली नव्हती?"

नाल्यापल्याड दुसऱ्या गावच्या लोकांची झाडं होती. त्या दिवसांत मी सरपणाला तिकडं गेले होते आणि नाकाला ओढणी लावून परत फिरले होते. तोच वास. तेच लटकलेले. मी ते पाहिलेलं होतं, पण घरी सांगायचं म्हणून पाहिलं नव्हतं. घरात त्या वेळी दुसऱ्यांच्या झाडांबद्दल कोण विचारत होतं?

त्या संध्याकाळी बसथांब्यावरूनच फोन लावला.

"माय, त्या साली नाल्यापल्याडच्या लोकाइचे बी किडे मेले होते ना?"

"कोणत्या साली?" असं ती म्हणाली, पण तिला कळलं होतं. थांबून म्हणाली, "मेले होते. सबन गेले त्याइचे."

"तू गेली होती का तिकडं?"

"मी कायले जाऊ लोकाइच्या झाडात?"

"मंग तिथं कोणाचं तेल लागलं?"

बस आली, गेली. मी दुसरी येईल म्हणून उभी राहिले. मग माय म्हणाली, "हे तुले येवढ्या सालानं सुचलं का व?"

"मले नाही, मॅडमले सुचलं." मग मी तिला घाईघाईनं झाकणाची गोष्ट, रोगाची गोष्ट, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तिच्या डोक्यावरून मोठी पाटी उतरेल. ती रडेल तरी, नाही तर मोठ्या मायला दोन शिव्या तरी घालेल. पण तिनं विचारलं ते भलतंच.

"मंग रोगच होता म्हणतेस, तं वाचवता आले असते का ते?"

"मालूम नाही, माय."

"पहिला लटकला तवाच काढून फेकला असता दूर, तं बाकीचे राह्यले असते का? मी तं भेवून हातच लावला नाही मंग. मले वाटे, मी हात लावला का मरते."

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आजारी किडे लवकर वेगळे करून जाळून टाकले तर काही वाचतात, म्हणतात. पण नक्की त्यांच्या केंद्रालाच विचारा. मी ते जसंच्या तसं भावाला सांगितलं. तो म्हणाला, केंद्रातले साहेब हेच सांगतात दर साली, पण पाहणार कोण, एवढ्या झाडांवर नजर कोणाची पुरते? मी म्हटलं, "मायची पुरते. हेच सांग तिले. तेलाचं काही बोलूच नको." तो म्हणाला, "बाबाले बोलू दे. मी बोललो तं मले झिडकारते." बाबा काय बोलले ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पोळा झाला, अंडी आली असतील, एवढा मी हिशेब करत होते. फोन करायला धीर होत नव्हता. केला आणि माय घरातूनच बोलली तर?

कोजागिरीच्या आसपास दुपारी काम करताना भावाच्या नंबरवरून फोन आला. हातमोजे काढून बाहेर ओसरीत आले.

"आवाज येते का व?" मायच होती. मागं वारा होता.

"येते. कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? झाडाखाली. तुया भावाले झाडाची डांग कापताच येत नाही. फटकन तोडते, किडा बिचारा हादरून जाते. दोन लटकले होते परवा. काढले, दूर नेऊन जाळले. अजून बाकीचे बरे दिसतात. पुढचं कोण पाह्यलं?"

"मोठी माय आली होती का?"

"आली होती. बसली होती बांधावर. काही बोलली नाही. मग म्हणे, दे टोपली, मी धरतो. धरली."

"आणि तेल?" मी हसत विचारलं.

"नाही लावलं," ती लगेच म्हणाली. "तुया मॅडमचं खरं असंल, नाही म्हणत नाही. पण मी नाही लावत. आपले लोक पाळत आले, मी बी पाळतो. आता भेवून नाही पाळत, येवढंच. तू जेवली का?"

"जेवली."

"थांब जराशी. एक पडून राहिला खाली."

फोन तिनं ठेवला नाही. कमरेला खोचला की दगडावर ठेवला, कोण जाणे. पाचोळ्यात पावलांचा आवाज आला आणि मग, मला नाही, दुसऱ्याच कोणाला ती हळू आवाजात म्हणाली, "ये बापा. भेऊ नोको. चाल, वरतं चाल."